तुळईचं वय

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. दोन वीकेंड रिलीजनं खाल्ले आणि तिसरा मामांनी. हा लेख त्या तिसऱ्याबद्दल आहे आणि तो जरा लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

माझं आजोळ दिंद्रुड. बीड जिल्हा, माजलगाव तालुका. बीडहून परळीला जाताना तेलगाव मागे पडलं की येतं. पुण्यातल्या मित्रांना हे नाव तीनदा सांगावं लागतं आणि तिसऱ्यांदाही ते "दिंडोरी ना?" असंच विचारतात. असो. तिथे मामांचा जुना वाडा आहे. वाडा म्हटल्यावर शनिवारवाडा डोळ्यांपुढे आणू नका. जाडजूड मातीच्या भिंती, वर माळवद, पुढे ढाळज, आत धान्याची कोठी आणि मागच्या अंगाला बैलांचा गोठा. शेतकऱ्याचं घर, इतकंच. गेली सात-आठ वर्षं पावसाळ्यात माळवद गळतंय आणि वरची माती ओढायला माणूस मिळत नाही. शेवटी मामांचा फोन आला, "माळवद उतरवायलोत. जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन बघून गेला. तुला काही ठिवायचं असलं तर शनवारी ये."

ठेवायचं म्हणजे काय, तर मला एकच गोष्ट हवी होती. कोठीच्या दारावरची गणेशपट्टी. लहानपणी सुट्टीत त्या दाराला टेकून आम्ही गोट्या खेळायचो. मधे गणपती आणि त्याच्या खाली खोदलेली एक ओळ, रंगाचे पाच-सहा थर बसल्यामुळे अर्धी बुजलेली. या वेळी कानशीनं हळूहळू रंग खरवडला आणि अक्षरं वर आली. ईश्वरनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध तृतीया. झालं. शक नाही, सन नाही, फसली नाही.

ज्यांनी दाते पंचांग फक्त भिंतीवर लटकलेलं पाहिलंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संवत्सरांची नावं साठ. प्रभव पासून सुरू होतात, क्षय वर संपतात, मग पुन्हा प्रभव. ईश्वर हे अकरावं. म्हणजे ही तारीख मॉड्युलो साठ आहे! वाय-टू-के च्या वेळी जुन्या प्रोग्रॅमरांनी वर्षाचे दोनच आकडे ठेवले म्हणून आपण त्यांना नावं ठेवतो, पण आमच्या सुतारानं त्याच्याही पुढची मजल मारली होती. ईश्वर संवत्सर येतं १८१७ साली, मग १८७७, मग १९३७. त्यानंतरचं १९९७ चं, तेव्हा मी त्याच दारापाशी रांगत असेन. म्हणजे पर्याय तीन.

आता तुम्ही म्हणाल, तिन्हीपैकी कुठलंही असेना, फरक काय पडतो? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण रात्री जेवताना विषय निघाला आणि घरात तीन पक्ष पडले.

मामांचं म्हणणं, हे सगळं त्यांच्या आजोबांनी निजामाच्या काळात बांधलं. म्हणजे १९३७, उस्मान अलीचं राज्य. तेव्हा बीड हैदराबाद संस्थानात होतं, ते सप्टेंबर १९४८ पर्यंत. आजी म्हणाली, छे, त्याच्याही आधीचं आहे. "मोठ्या दुष्काळात बांधलं. लोकांच्या हाताला काम नव्हतं लेकरा. दिवसभर माती तुडवायची अन् संध्याकाळी पदरात जवारी घ्यायची. आपल्या घरानं गाव जगवलं." ही गोष्ट तिला तिच्या सासूनं सांगितलेली. मोठा दुष्काळ म्हणजे १८७६ ते १८७८ चा. १८७६ चा पाऊस गेला तेव्हा धाता संवत्सर चालू होतं आणि त्याच्या पुढचं ईश्वर. म्हणजे त्या ओळीतली अक्षय तृतीया ही एप्रिल १८७७ मधली असू शकते. दुष्काळाच्या ऐन मध्यावरची.

तिसरा पक्ष जेवायला नव्हता. दुसऱ्या दिवशी गोठ्यापाशी भेटला. शेजारचे एक म्हातारे गृहस्थ, ज्यांच्या चार पिढ्या आमच्या शेतावर राबल्या. त्यांना मी मुद्दाम विचारलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "दुष्काळातच बांधलं म्हन्तेत. आमची पांदीकडची जमीन तवाच गेली तुमच्याकडं."

मला काय बोलावं कळेना. एप्रिल १८७७ मध्ये ज्याच्याकडे मजुरांना द्यायला ज्वारी होती आणि वर नवी धान्याची कोठी बांधायची ऐपत होती, त्या माणसाबद्दल दोन गोष्टी सांगता येतात आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात. १९३७ असेल तर मात्र दोन्ही गोष्टी किमान या लाकडांपुरत्या खोट्या. आता त्या तारखेमध्ये मला रस होता. खरं सांगायचं तर मला १९३७ हवं होतं.

लाकडाचं वय त्याच्या वलयांवरून काढतात हे आपण शाळेत शिकतो. झाड कापलं, वलयं मोजली, संपलं. पण ते झाडाचं वय झालं. झाड *केव्हा* कापलं हे मोजून कळत नाही. त्यासाठी वलयांची जाडी बघावी लागते. चांगल्या पावसाच्या वर्षी वलय जाड, कोरड्या वर्षी बारीक. एकाच भागातल्या सगळ्या झाडांवर तोच पाऊस पडतो, म्हणून जाड-बारीकचा क्रमही साधारण सारखाच उमटतो. आज जिवंत असलेल्या झाडापासून सुरुवात करायची, त्याचं सर्वांत बाहेरचं वलय कोणत्या वर्षाचं हे माहीतच असतं. मग थोड्या जुन्या लाकडाची बाहेरची वलयं या झाडाच्या आतल्या वलयांशी जुळवायची, मग त्याहून जुन्या लाकडाची. असं मागे मागे जात एक लांबलचक पट्टी तयार होते. आपल्या भाषेत सांगायचं तर मोठ्या स्ट्रिंगमध्ये आपली छोटी स्ट्रिंग कुठे बसते हे शोधायचं, फक्त अक्षरं थोडी अस्पष्ट आहेत.

हे पहिल्यांदा नीट करून दाखवलं ते ए. ई. डग्लस या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञानं. त्याला खरं तर सूर्यावरच्या डागांचा आणि हवामानाचा संबंध शोधायचा होता, हवामानाच्या जुन्या नोंदी नाहीत म्हणून तो झाडांकडे वळला. नैर्ऋत्य अमेरिकेतल्या प्युब्लो लोकांच्या जुन्या वस्त्यांमधल्या तुळया तपासून त्यानं ५८५ वर्षांचा एक सलग क्रम जुळवला होता. पण तो हवेत तरंगत होता! कुठल्या ५८५ वर्षांचा, ते माहीत नव्हतं, कारण जिवंत झाडांपासून मागे आलेली पट्टी आणि ही पट्टी यांच्यात सांधा नव्हता. जून १९२९ मध्ये ॲरिझोनातल्या शो लो या गावी एक अर्धवट जळालेली तुळई मिळाली. तिला क्रमांक दिला एचएच-३९. तिच्या वलयांनी दोन्ही पट्ट्या जोडल्या आणि त्या संध्याकाळी एकदम डझनावारी जुन्या वस्त्यांना तारखा मिळाल्या. एक कुजकं लाकूड! आपल्याकडे ते चुलीत गेलं असतं.

शेतीच्या इमारतींचं सर्वांत सुंदर उदाहरण मला इंग्लंडमधलं सापडलं. लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या अगदी शेजारी हार्मंड्सवर्थ नावाचं गाव आहे, तिथे एक धान्याचं प्रचंड लाकडी कोठार उभं आहे. जवळजवळ ५८ मीटर लांब. ओकच्या खांबांची वलयं सांगतात की झाडं १४२४ च्या हिवाळ्यापासून १४२६ च्या वसंतापर्यंत तोडली. आणि त्या जमिनीचे मालक असलेल्या विंचेस्टर कॉलेजच्या दप्तरात नव्या कोठाराची नोंद आहे १४२६-२७ ची. लाकूड आणि कागद एकमेकांना न विचारता तेच सांगतात. ऑनसाइटला असताना मी हीथ्रोवर चार वेळा उतरलो आणि चारही वेळा टॅक्सी पकडून सरळ क्लायंटकडे गेलो, याची आता चुटपुट लागलीय.

बरं, इंग्लंडात ओक आहे, थंडी आहे, झाड हिवाळ्यात वाढ थांबवतं. आपल्याकडे काय? इथेच मला आश्चर्याचा धक्का बसला. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक झाडांत वर्षाची रेघ स्पष्ट उमटत नाही. आंबा, लिंब, बाभूळ यांवर अवलंबून राहता येत नाही. पण साग चालतो! साग उन्हाळ्यात पानं झाडून उघडा पडतो आणि पावसाळा आला की पुन्हा वाढायला लागतो. नव्या वाढीच्या सुरुवातीला मोठमोठ्या छिद्रांची एक ओळ तयार होते, ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. घरातल्या सागवानी दाराकडे बघा, त्या ज्या उभ्या रेषा आपण "ग्रेन" म्हणून पॉलिश करतो ते एकेक पावसाळे आहेत. जावामध्ये बेर्लाख नावाच्या डच शास्त्रज्ञानं १९३१ सालीच सागाची १५१४ पासूनची पट्टी प्रसिद्ध केली होती.

आणि भारतात हे काम जिथे झालं ती जागा मी रोज ओलांडतो. पाषाण रस्त्यावरची उष्णदेशीय हवामानाची संस्था, आयआयटीएम. बसच्या खिडकीतून तो बोर्ड मी हजार वेळा वाचला असेल. तिथल्या पंत आणि बोरगावकर यांनी १९८३ मध्ये ठाणे भागातल्या सागाच्या वलयांचा आणि पावसाचा संबंध मांडला. पुढे २०१० मध्ये बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी केरळमधल्या सागाची १४८१ ते २००३ अशी सलग ५२३ वर्षांची पट्टी प्रसिद्ध केली आणि बारीक वलयांचा संबंध तुटीच्या पावसाशी आणि एल निनोशी लावला. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधीही दीडशे वर्षं मागे जाणारा पावसाचा लॉग, झाडात! त्याच वर्षी कुक आणि मंडळींनी आशियाभरच्या झाडांवरून मान्सूनच्या दुष्काळांचा नकाशासंग्रह तयार केला. त्यात गेल्या सातशे वर्षांतले जे चार मोठे दुष्काळ ठळकपणे उमटलेत त्यातला एक १८७६ ते १८७८ चा. आजीचा मोठा दुष्काळ.

हे सगळं अर्थात शुक्रवारी रात्री बसमध्ये वाचलं. शनिवारी सकाळी मी मामांना म्हणालो, "मामा, प्रत्येक तुळईची एक चकती कापून घेऊ का?"

"चकती? अन् व्यापाऱ्याला काय सांगू, भाच्यानं खाल्ली?"

व्यापारी घनफुटावर भाव देतो आणि तुळईची लांबी कमी झाली तर भाव उतरतो. बरीच घासाघीस झाल्यावर भिंतीत गाडलेलं टोक, जे नाही तरी वाळवीनं खाल्लं होतं, तेवढं कापायची परवानगी मिळाली. माझ्या नशिबानं सुताराकडे विजेची करवत होती. कोठीवरच्या मुख्य तुळईच्या टोकापासून वीतभर आत, धड लाकूड लागल्यावर एक चकती कापली. दुसरी गोठ्याच्या एका ओबडधोबड वाशाची.

इथे एक गंमत सांगितली पाहिजे. वाड्याच्या खांब-तुळया चौरस तासलेल्या असतात. सुतार सागाचं बाहेरचं पांढुरकं लाकूड मुद्दाम काढून टाकतो, कारण वाळवी तेच आधी खाते. पण त्या पांढऱ्याबरोबर झाडाची शेवटची वर्षं निघून जातात! किती गेली, दहा की तीस, कोण सांगणार? मग त्या तुळईवरून फार तर "या वर्षाच्या नंतर कधीतरी" एवढंच म्हणता येतं. गोठ्याच्या वाशांवर मात्र कुणी एवढी मेहनत घेतलेली नसते. झाड तोडलं, साल सोलली, टाकलं वर. त्यामुळे शेवटचं वलय जागच्या जागी. नक्षीचे खांब म्युझियममध्ये जातात आणि गोठ्याचे वासे सरपणात, पण तारखेच्या हिशेबानं गोठा जास्त बोलका.

पुण्यात आल्यावर दोन्ही चकत्या पॉलिशपेपरनं घासल्या. ८० नंबर, मग २२०, ४००, शेवटी ६००. बायको म्हणाली, एवढ्या निष्ठेनं घरातलं एक तरी भांडं घास. ऑफिसातल्या एका मित्राचा जुना सपाट स्कॅनर आणला, १२०० डीपीआयला स्कॅन केलं, आणि स्क्रीनवर वलयं मोजत बसलो. तुळईत ९४. वाशात ४१.

आता माझी युक्ती ऐका. आयआयटीएमनंच ३०६ पर्जन्यमापक केंद्रांवरून १८७१ पासूनचा देशभरचा मान्सून मांडलेला आहे. त्यात १८७७ सर्वांत तुटीचं. मग १८९९, १९१८ आणि १९७२ हीसुद्धा फार वाईट वर्षं. १८७७ ते १८९९ बावीस वर्षं, १८९९ ते १९१८ एकोणीस. तुळई जर १९३७ ची असेल तर तिच्यात बावीस आणि एकोणीस अंतरानं तीन बारीक वलयं असलीच पाहिजेत. १८७७ ची असेल तर ती मिळता कामा नयेत. सोपं!

९४ पैकी २५ वलयं मी "बारीक" ठरवली. स्क्रिप्ट चालवली. मिळालं! गाभ्याकडून ३७ वं, ५९ वं, ७८ वं. ३७ वं जर १८७७ चं, तर ९४ वं म्हणजे १९३४. त्यानंतर तासलेल्या लाकडात एक-दोन वर्षं गेली असं धरा, एखादं वर्ष लाकूड वाळवायला धरा, १९३७ ची अक्षय तृतीया. रात्री पावणेबारा वाजता मी एकटाच टाळ्या वाजवल्या. घराणं निर्दोष!

दोन दिवस मी मजेत होतो. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हे मित्राला सांगितलं. तो टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे स्वभावानंच नतद्रष्ट. त्यानं एवढंच विचारलं, "हीच वलयं पत्त्यांसारखी पिसून पुन्हा बघितलंस?" बघितलं. ९४ जाड्या हव्या तशा पिसल्या, हजार वेळा, आणि प्रत्येक वेळी बावीस-एकोणीसचं त्रिकूट शोधलं. निम्म्याहून जास्त वेळा कुठे ना कुठे सापडलं. म्हणजे माझा पुरावा नाणेफेकीच्या लायकीचा. मी २५ वलयं बारीक का ठरवली? कारण १५ ठरवल्यावर काही सापडलं नव्हतं. आणि तासून निघून गेलेली वर्षं एक-दोनच का धरली? कारण तेवढीच हवी होती. हे मी डेटाला विचारत नव्हतो, त्याच्याकडून वदवून घेत होतो.

खरी पद्धत अशी तीन टिंबं जोडत नाही. एकूण एक वलयाची जाडी मोजतात, झाड म्हातारं होताना वलयं आपोआप बारीक होत जातात तो भाग वजा करतात, आणि मग त्याच प्रदेशातल्या अनेक झाडांच्या सरासरीशी ताडून बघतात. एका झाडावर विसंबत नाहीत, कारण एक झाड काहीही करतं. शेजारचं झाड तोडलं की एकदम जाड वलयं टाकतं. सागावर पानं खाणाऱ्या अळ्या पडतात, त्या वर्षी पाऊस चांगला असूनही वलय बारीक. पावसाळ्यात मधेच मोठी उघडीप पडली की एका वर्षात दोन वलयांचा भास. शिवाय दिंद्रुडच्या आसपास सागाचं जंगल कुठलं? काळी जमीन, कापूस, ज्वारी, आता ऊस. हे लाकूड विकत आणलेलं. आदिलाबादकडून, चांद्याकडून, की मुंबई बंदरात उतरलेला बर्मा साग? कुठल्या रानातला पाऊस यात आहे हेच आधी ठरवावं लागेल. रेडिओकार्बन करून टाक, असंही एकानं सुचवलं. पण गेल्या तीनशे वर्षांत हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण असं वरखाली होत राहिलंय की एका नमुन्याला एकाच वेळी दोन-तीन वेगवेगळ्या काळांचे पट्टे मिळतात. नेमकी आमचीच अडचण, पुन्हा.

आणि एक गोष्ट मी फोटो मोठा करून बघताना उशिरा पाहिली. कोठीच्या तुळईच्या खालच्या बाजूला दोन चौकोनी खाचा आहेत, रिकाम्या. त्यांत काहीच बसत नव्हतं. मामांना फोन केला. ते म्हणाले, हो, त्या आधीपासूनच तशाच होत्या. म्हणजे ही तुळई त्याआधी दुसऱ्या कुठल्यातरी घरात होती. तिथून काढून इथे आणली. मग तिचं वय बरोबर निघालं तरी ते कोठीचं वय नव्हे! लाकूड महाग, ते कुणी टाकत नाही. पण दुसऱ्याच्या घराची तुळई आपल्या घरात कशी येते? विकत घेतली, पडक्या घरातून मोकळी झाली, की कर्जात आली? गोठ्यापाशी ते म्हातारबाबा जे म्हणाले ते मला त्या रात्री परत आठवलं.

गोठ्याचा वासा मात्र कुठून काढून आणलेला दिसत नाही. खाच नाही, जुना खिळा नाही, शेवटचं वलय शाबूत. फक्त ४१ वर्षं. खात्रीनं जुळवायला ती फार कमी आहेत. पण तसले अठरा-वीस वासे एकाच वेळी तोडलेले असतील तर एकमेकांशी जुळवून त्यांची एक सरासरी काढता येते, आणि त्यात एखाद-दुसरा म्हातारा निघाला तर पट्टी लांबते. हे मला कळलं तोपर्यंत टेम्पो भरून गेला होता.

मी व्यापाऱ्याला फोन केला. चांगला माणूस आहे, हसला नाही. तुळया पुढे गेल्या म्हणाला, हॉटेलवाल्यानं टेबलांसाठी उचलल्या. पुण्यात एखाद्या कॅफेत "रस्टिक" टेबलावर कॉफी पिताना कडेला वलयं दिसली तर जरा मोजा. वासे वाकडे असल्यामुळे कुणी घेतले नव्हते, ते त्याच्या वखारीत मागे पडले होते. त्यानं अकरा टोकं कापून पोत्यात भरून ठेवलीत, पैसे घेतले नाहीत.

गणेशपट्टी मामांनी नव्या घराच्या दारावर बसवायची ठरवलीय. मी म्हटलं, खाली शके पण घालू, सुतार आलाच आहे. मामा म्हणाले, "कोन्ता घालायचा?"

काल रात्री त्यांचा परत फोन आला. आमच्या गोठ्यापाशी भेटलेल्या त्या म्हाताऱ्यांचं जुनं घरही या उन्हाळ्यात उतरवणार आहेत. त्यांनी निरोप दिलाय, पुण्याच्या भाच्याला लाकडं बघायची असतील तर आधी येऊन जावं. पुढच्या शनिवारी निघतोय. या वेळी करवत स्वतःची नेणार आहे, आणि आधी खाचा बघणार आहे.